चॅनेलचं नाव ‘हिस्टरी’ असलं म्हणून तो इतिहास होत नाही

हजारेक वर्षांपूर्वी डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनकडून समुद्रमार्गे धाडी घालणाऱ्या लोकांवरच्या ‘वायकिंग्ज’ या मालिकेबद्दलचा एक मजकूर फिरत फिरत परवा पुन्हा माझ्याकडे आला. या वेळी पाठवणारा माझा मावसभाऊ होता. खाली त्याने विचारलं होतं, ‘तू या विषयावर वाचत असतोस, हे सगळं खरं आहे ना?’ दोन ओळींत उत्तर देण्यासारखा प्रश्न नव्हता, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

ज्यांच्यापर्यंत हा मजकूर पोचला नसेल त्यांच्यासाठी त्याचा गोषवारा देतो. ही मालिका हिस्टरी चॅनेलने काढली आहे, तेव्हा तिच्यातलं सगळं खरंच असणार. मालिकेचा नायक रॅग्नर लोथब्रोक हा खराखुरा राजा होता. त्याने ७९३ साली इंग्लंड शोधून काढलं आणि पुढे पॅरिस जिंकलं. तिकडचे लोक आपल्यासारखे इतिहासाला हात लावत नाहीत, आपल्या मालिकावाल्यांनी त्यांच्याकडून शिकावं. कपडे, गोंदण, गावं असं सगळं संशोधन करून उभं केलंय. ‘ब्लड ईगल’ ही त्यांची ठरलेली शिक्षा होती. त्यांच्या फौजेत निम्म्या बायका होत्या, हे आता डीएनएनेच सिद्ध झालंय. आणि शेवटी, वायकिंग म्हणजे शुद्ध रक्ताचे लढवय्ये, लढाई आणि लूट यापलीकडे त्यांना काही ठाऊक नव्हतं.

आधीच सांगतो, मी या मालिकेचे सगळे ८९ भाग बघितले आहेत, पहिले दोन सीझन तर दोनदा. रॅग्नरचं ते तिरकं बघणं, फ्लोकीचं जहाजाच्या लाकडावरून मायेने हात फिरवणं मला आजही आवडतं. मालिका बघू नका असं मी कुणालाही सांगणार नाही. पण गोष्ट म्हणून आवडणं वेगळं आणि इतिहास म्हणून पोरांच्या हातात देणं वेगळं. मजकुराच्या शेवटी ‘मुलांना जरूर दाखवा, पुस्तकापेक्षा जास्त शिकतील’ असंही लिहिलं होतं. ते वाचून मला राहवलं नाही.

‘हिस्टरी चॅनेलची मालिका, म्हणजे खरीच’

चॅनेलचं नाव हा पुरावा नव्हे. याच चॅनेलवर २०१० पासून ‘एन्शंट एलियन्स’ ही मालिका आली. परग्रहावरून कुणीतरी येऊन प्राचीन माणसाला शिकवून गेलं, असं तिच्यात वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. नावावर विश्वास ठेवायचा तर मग तेही इतिहास म्हणून घ्यावं लागेल.

‘वायकिंग्ज’ ३ मार्च २०१३ ला सुरू झाली आणि सहा सीझननंतर २०२० च्या डिसेंबरात संपली. तिचा कर्ता मायकल हर्स्ट हा पटकथालेखक. ‘एलिझाबेथ’ हा सिनेमा आणि ‘द ट्यूडर्स’ ही मालिका त्याचीच. त्याने मुलाखतीत स्वच्छ सांगितलं होतं की त्या काळात नेमकं काय घडलं हे कुणालाच खात्रीने माहीत नाही, त्यामुळे आपल्याला मोकळीक घ्यावी लागली. आणि वायकिंगांचा खरा इतिहास सांगितला तर तो शेकडो, फार तर हजारो लोकांपर्यंत पोचेल, आपल्याला लाखोंपर्यंत जायचं आहे. स्वतः लेखकाने जो दावा केला नाही तो त्याच्या वतीने आपण का करायचा?

आणि लाखो लोकांनी ती खरोखर बघितली. का बघितली? बाप आणि मुलगा, भाऊ आणि भाऊ, जुना देव आणि नवा देव, हाती आलेली सत्ता आणि घरात लागलेली आग, या गोष्टी कुठल्याही भाषेतल्या माणसाला धरून ठेवतात म्हणून. शिवाय आयर्लंडच्या विकलो परगण्यातली ती तळी आणि डोंगर. लोकप्रियतेचं हे कारण पुरेसं आहे. त्यासाठी सनावळी बरोबर असावी लागत नाही, आणि ती बरोबर नाहीच.

‘रॅग्नर हा खराखुरा राजा होता’

रॅग्नर लोथब्रोकची सलग गोष्ट आपल्याला मिळते ती दोन ठिकाणी. एक, साक्सो ग्रामॅटिकस या डॅनिश लेखकाने १२०० च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहिलेल्या इतिहासात. दुसरी, तेराव्या शतकात आइसलंडमध्ये लिहिल्या गेलेल्या सागांमध्ये, म्हणजे तिथल्या वीरकथांमध्ये. रॅग्नर जगला असेल तर नवव्या शतकात. म्हणजे मधे साडेतीनशे-चारशे वर्षं गेली.

मराठी वाचकाला यातली मेख समजावून सांगायची गरज पडू नये. बखर आणि अस्सल कागद यांतला फरक आपल्याकडे शंभर वर्षांहून जास्त काळ घासूनपुसून सांगितला गेला आहे. वि. का. राजवाडे गावोगाव दप्तरं शोधत फिरले ते याच एका गोष्टीसाठी. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या नंतर वीस वर्षांच्या आत लिहिली गेली, लिहिणारा त्यांच्या पदरचा माणूस होता, तरी अभ्यासक तिचा शब्द समकालीन पत्राशी ताडून घेतात. मग चारशे वर्षांनंतर, समुद्रापलीकडच्या बेटावर लिहिलेल्या सागेला आपण बिनतारण सही का द्यावी?

‘लोथब्रोक’ हे नावच बघा. त्याचा अर्थ केसाळ विजारवाला. सागा सांगते की एका राजकन्येभोवती वेटोळं घालून बसलेल्या प्रचंड सापाला मारायला जाताना त्याने डांबरात उकळलेली केसाळ विजार घातली होती, म्हणून हे नाव पडलं. ही लोककथा आहे, सुंदर लोककथा आहे, आणि ज्या माणसाचं नावच अशा गोष्टीतून येतं त्याच्या चरित्राला हात घालताना इतिहासकार दहा वेळा विचार करतो. आज बहुतेक अभ्यासकांचं म्हणणं असं की वेगवेगळ्या काळातल्या अनेक सरदारांच्या कर्तृत्वाची मोळी बांधून त्यातून हा एक नायक उभा राहिला.

त्याच्या मुलांचं मात्र तसं नाही. ८६५ मध्ये इंग्लंडात उतरलेल्या मोठ्या डॅनिश फौजेतले ईवार, हाल्फदान, उब्बा ही माणसं जुन्या इतिवृत्तांत भेटतात. आयर्लंडच्या इतिवृत्तात ८७३ साली ‘ईमार’ नावाच्या नॉर्स, म्हणजे उत्तरेकडून आलेल्या वायकिंग, राजाच्या मृत्यूची नोंद आहे आणि तो हाच ईवार असं अनेक जण मानतात. म्हणजे मुलगे कागदावर आहेत, बाप फक्त गोष्टीत.

‘त्याने ७९३ साली इंग्लंड शोधून काढलं’

मालिकेच्या सुरुवातीला पश्चिमेला जमीन आहे की नाही हेच कुणाला माहीत नसतं. जार्ल, म्हणजे तिथला सरदार, रॅग्नरला अडवतो, रॅग्नर गुपचूप जहाज बांधून घेतो आणि ‘नवा देश’ शोधतो. नाट्य म्हणून झकास आहे, पण उत्तर समुद्राच्या दोन्ही काठांवरच्या लोकांची त्याआधीच एकमेकांशी ओळख होती.

अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जुन्या इंग्रजांच्या, इतिवृत्तात ७८९ च्या नोंदीखाली उत्तरेकडून आलेल्या तीन जहाजांचा उल्लेख आहे. डॉर्सेटच्या किनाऱ्यावर ती लागली. तिथला राजाचा अधिकारी त्यांना राजाच्या गावी घेऊन जायला घोड्यावरून धावत गेला आणि मारला गेला. एका जुन्या लेखकाच्या मते त्याला ते व्यापारी वाटले होते. परदेशी जहाज दिसलं की पहिला विचार व्यापाऱ्याचा येत असेल, तर तशी जहाजं येण्याची सवय असणार.

याहून बोलका पुरावा लिंडिसफार्न या इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या बेटावरच्या मठाचाच आहे. ८ जून ७९३ ला त्या मठावर हल्ला झाला, यात शंका नाही. तेव्हा अल्क्विन हा इंग्रज विद्वान फ्रँकांचा, म्हणजे आजच्या फ्रान्स-जर्मनीकडच्या लोकांचा, राजा शार्लमेन याच्या दरबारी होता. बातमी ऐकून तो हादरला आणि त्याने नॉर्थम्ब्रियाच्या, म्हणजे तो मठ असलेल्या उत्तर इंग्लंडातल्या राज्याच्या, राजाला पत्र लिहिलं. त्या पत्रात तो लोकांना त्यांच्या पापांबद्दल झापतो, आणि त्यात एक वाक्य असं येतं की तुम्ही तुमचे केस आणि दाढ्या ज्या पद्धतीने राखता ती या मूर्तिपूजकांची नक्कल आहे. ज्यांना कधी पाहिलंच नाही त्यांच्या दाढीची फॅशन कुणी कशी उचलेल? समकालीन कागद म्हणतात तो हा. त्यातली ही एक ओळ मालिकेचा अख्खा पहिला सीझन उलटा करते.

तो हल्ला कुणी केला, त्याच्या म्होरक्याचं नाव काय, हे कुठल्याही समकालीन कागदात नाही. रॅग्नरचं नाव तिथे मालिकेने घातलं.

‘पुढे त्याने पॅरिस जिंकलं’

इथे मालिकेने जे केलं आहे ते नीट उलगडून बघण्यासारखं आहे, कारण एकाच कथानकात चार वेगवेगळ्या पिढ्या कोंबल्या आहेत.

८४५ साली सीन नदीतून १२० जहाजं पॅरिसवर आली. त्यांच्या म्होरक्याचं नाव रेगिनहेरी, म्हणजे रॅग्नरच्या जवळ जाणारं नाव, आणि खरा रॅग्नर कुठे शोधायचाच तर बोट इथेच ठेवलं जातं. राजा चार्ल्स द बॉल्डने ७,००० पौंड चांदी देऊन त्यांना परत पाठवलं. ही एक घटना.

मालिकेतला तो विलक्षण प्रसंग आठवा. मेलेल्या रॅग्नरची शवपेटी ख्रिस्ती दफनासाठी शहरात नेतात आणि तो आतून उठतो. ही गोष्ट पॅरिसची नाहीच. ती हास्टाइन नावाच्या सरदाराबद्दल सांगितली जाते, ८६० च्या आसपासच्या भूमध्य समुद्रातल्या मोहिमेची. इटलीतल्या लूना या शहराला तो रोम समजला आणि हीच युक्ती करून आत घुसला, असं अकराव्या शतकाच्या सुरुवातीचा दूदो हा लेखक सांगतो. तीही दंतकथाच, पण माणूस वेगळा आणि शहरही वेगळं.

तटावर शिड्या, वरून उकळतं तेल, पुलावरची झुंज हे सगळं आलं आहे ८८५-८६ च्या वेढ्यातून. तो वेढा खरा आणि भयंकर होता. ॲबो नावाच्या भिक्षूने तो शहराच्या आतून अनुभवला आणि त्यावर लॅटिन काव्य लिहिलं. शहर लढवणारा काउंट ओडो हा तेव्हाचा. मालिकेत तो कपटी विकृत दाखवून मारून टाकला आहे. खरा ओडो पॅरिस टिकवून धरण्याच्या पराक्रमावर ८८८ मध्ये पश्चिम फ्रँकांचा राजा झाला.

आणि रोलो. त्याला फ्रँक राजाने जमीन दिली ती ९११ मध्ये, आणि देणारा होता चार्ल्स द सिंपल, आधीच्या चार्ल्सचा नातू. त्या जमिनीचंच पुढे नॉर्मंडी झालं, आणि १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणारा विल्यम याच रोलोच्या वंशातला. मालिकेत तो रॅग्नरचा भाऊ आहे. लिंडिसफार्न ७९३ आणि रोलोची जहागीर ९११, म्हणजे मधे ११८ वर्षं. दोन्हीकडे हजर असलेले दोन सख्खे भाऊ कसे जगले असतील ते ज्याचं त्याने बघावं.

रॅग्नरचा शेवट सापांच्या खड्ड्यात होतो, तो सागेतून जसाच्या तसा उचलला आहे. इंग्लंडमध्ये मूळची विषारी सापाची जात एकच आहे, ॲडर, आणि तिच्या दंशाने धडधाकट माणूस क्वचितच मरतो. सागा लिहिणारे ज्या आइसलंडमध्ये बसले होते तिथे तर सापच नाहीत.

‘तिकडचे लोक इतिहासाला हात लावत नाहीत’

या एका वाक्याने मला सगळ्यात जास्त त्रास झाला, म्हणून यावर थोडं थांबतो.

दक्षिण इंग्लंडातल्या वेसेक्सचा राजा आल्फ्रेड हा इंग्रजांच्या मनात फार वरच्या जागी आहे. ‘द ग्रेट’ म्हणतात त्याला. ८७८ मध्ये सगळं राज्य हातचं गेलेलं असताना तो दलदलीच्या मुलखात लपून राहिला, माणसं गोळा केली, एडिंग्टनला डॅनिश राजा गुथरमला हरवलं आणि नंतर त्याचा बाप्तिस्मा करवून तह केला. पुढे गावोगाव तटबंद्या बांधल्या, लॅटिन ग्रंथ लोकांच्या भाषेत आणले. आता ‘वायकिंग्ज’मध्ये याच आल्फ्रेडचा बाप कोण दाखवला आहे? ॲथेलस्टन, म्हणजे रॅग्नरने पळवून आणलेला साधू, जो पूर्णपणे लेखकाच्या कल्पनेतला आहे. आल्फ्रेड हा राणी ज्यूडिथला विवाहबाह्य संबंधातून झालेला मुलगा. प्रत्यक्षात आल्फ्रेडच्या आईचं नाव ऑसबुर्ह आणि बाप राजा एथेलवुल्फ. खरी ज्यूडिथ ही चार्ल्स द बॉल्डची मुलगी. एथेलवुल्फशी तिचं लग्न झालं ८५६ मध्ये, आल्फ्रेड सात वर्षांचा असताना.

एखाद्या आदरणीय राजाचं पितृत्व बदलून टाकणं, हे जर ‘इतिहासाला हात न लावणं’ असेल तर हात लावणं म्हणजे काय? असं आपल्याकडे कुणी दाखवलं असतं तर काय झालं असतं, ते मजकूर पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने मनाशी विचारावं. आपल्या मालिकांवर रागवायला माझी ना नाही, मीही रागावतो. पण परदेशातलं म्हणून चोख आणि आपलं म्हणून भेसळ, ही मोजमापाची पद्धत चुकीची आहे.

शिवाय आल्फ्रेडचा आजोबा एक्बर्ट ८३९ मध्येच वारला, आल्फ्रेड जन्मायच्या दहा वर्षं आधी. मालिकेत तो नातवाला मांडीवर घेऊन वाढवतो आणि ८६५ नंतरच्या फौजेपुढे मरतो. अँग्लो-सॅक्सन बिशपच्या हुकुमावरून ॲथेलस्टनला क्रुसावर चढवलं जातं. त्या काळच्या इंग्लंडात अशी शिक्षा दिल्याचा पुरावा नाही.

याच काळावरच्या बाकीच्या मालिकाही एका मापाच्या नाहीत. २०१५ मध्ये बीबीसीवर सुरू झालेली ‘द लास्ट किंगडम’ घटनांचा क्रम बऱ्यापैकी सांभाळते, तिच्यातला आल्फ्रेड आजारी, हट्टी, पुस्तकी आहे आणि ते जुन्या चरित्राला धरून आहे. पण तिचा नायक उट्रेड कादंबरीतला आहे. बॅम्बर्गचा खरा उट्रेड शतकाहून जास्त नंतरचा, १०१६ मध्ये मारला गेलेला. नेटफ्लिक्सवरची ‘वायकिंग्ज: वल्हाला’ तर लेइफ एरिकसन हा दर्यावर्दी आणि पुढे नॉर्वेचा राजा झालेला हाराल्ड हार्डराडा यांना जिवलग मित्र करते. लेइफ अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला तो १००० च्या सुमारास, आणि हाराल्ड जन्मला १०१५ मध्ये.

‘कपडे, गोंदण, गावं, सगळं संशोधन करून’

काही गोष्टी त्यांनी खरंच चांगल्या केल्या. शिंगांची शिरस्त्राणं नाहीत, हे पहिलं. ती वायकिंगांची नव्हतीच. १८७६ मध्ये वाग्नरच्या ऑपेरासाठी वेशभूषाकाराने ती घातली आणि तिथून जगभर पसरली. जहाजं देखणी आहेत. मधूनमधून पात्रं जुनी नॉर्स आणि जुनी इंग्रजी बोलतात, ते ऐकून अंगावर काटा येतो. पहिल्या सीझनमधला जार्लच्या अंत्यविधीचा प्रसंग, त्याच्याबरोबर जाणारी दासी, ‘मृत्यूचा देवदूत’ म्हटलेली ती बाई, हे सगळं इब्न फदलान या अरब दूताने ९२२ मध्ये व्होल्गा नदीकाठी डोळ्यांनी पाहिलेल्या अंत्यविधीवर बेतलं आहे.

पण ते काळं चामडं! डोक्यापासून पायापर्यंत सगळे काळ्या-तपकिरी चामड्यात, तोंडाला चिखल, डोक्याच्या बाजू तासलेल्या. थडग्यांतून आणि वस्त्यांतून निघतं ते वेगळंच. लोकर आणि लिनन, मंजिष्ठाने रंगवलेलं लाल, वोड नावाच्या वनस्पतीच्या पानांचं निळं. इंग्लंडमधल्या यॉर्कला कॉपरगेट नावाच्या गल्लीत १९७६ ते १९८१ उत्खनन झालं. ओल्या मातीमुळे तिथे एरवी कुजून जाणाऱ्या वस्तू टिकल्या होत्या. त्यात एकाच सुईने विणलेला लोकरीचा पायमोजा आहे, चामड्याचे जोडे आहेत, आणि रेशमी टोपी आहे. रेशीम उत्तर युरोपात होत नाही, ते पूर्वेकडून आलेलं.

आणि फण्या. वायकिंगांच्या वस्त्यांमध्ये फण्या इतक्या सापडतात की त्यांच्या नक्षीवरून काळ ठरवतात. एक फणी कशी करत ते बघा. हरणाच्या शिंगाच्या दोन लांब पट्ट्या घ्यायच्या. त्यांच्या मधे शिंगाच्याच चपट्या चकत्या शेजारी शेजारी लावायच्या, कारण शिंगात लांब आणि रुंद तुकडा मिळत नाही. मग आरपार बारीक रिवेट ठोकून सगळं पक्कं करायचं, आणि सगळ्यात शेवटी बारीक करवतीने एकेक दात पाडायचा. करवत शेवटाला जाताना वरच्या पट्टीलाही किंचित लागते. जुन्या फण्यांच्या कडेवर ते बारीक चरे अजून दिसतात. ज्या माणसाच्या कमरेला ही वस्तू असे, त्याला आपण पडद्यावर जटा आणि चिखलात बघतो. तेराव्या शतकातला एक इंग्रज लेखक तर तक्रार करतो की डेन लोक रोज केस विंचरत, दर शनिवारी अंघोळ करत, वरचेवर कपडे बदलत आणि त्यामुळे आमच्या बायका भुलत. शनिवारला जुन्या नॉर्समध्ये ‘लाउगरदागर’ म्हणत, म्हणजे अंघोळीचा वार. डॅनिश, नॉर्वेजियन आणि स्वीडिशमध्ये शनिवारचं नाव आजही तेच आहे.

इब्न फदलान उलट म्हणतो, हे ईश्वराच्या सृष्टीतले सगळ्यात गलिच्छ लोक. पण तो नमाजाआधी वाहत्या पाण्याने हातपाय धुणाऱ्या माणसाच्या नजरेने बघत होता, आणि एकाच घमेल्यात सगळ्यांनी तोंड धुणं त्याला किळसवाणं वाटलं. बोटांच्या टोकापासून मानेपर्यंत गडद आकृत्या असल्याचंही तोच लिहितो. गोंदणाचा आधार म्हणतात तो मुख्यतः एवढाच. ते गोंदण होतं की रंग, यावर अजून वाद आहे.

गावाबद्दल थोडक्यात. कॅटेगॅट हे गाव नाही. ती डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधली खाडी आहे. मालिकेत गावामागे जे उंच कडे दिसतात तसे डेन्मार्कात कुठेच नाहीत. त्या देशातलं सगळ्यात उंच नैसर्गिक ठिकाण १७१ मीटर. खरी गजबजलेली गावं होती हेडेबी, रीबे, बिर्का. उप्सालाचं मंदिर पडद्यावर डोंगरात आहे. खरं गामला उप्साला सपाट माळावर, मोठमोठ्या थडग्यांच्या टेकाडांशेजारी.

‘ब्लड ईगल ही त्यांची ठरलेली शिक्षा होती’

पाठ फाडायची, बरगड्या मागे वळवायच्या, फुप्फुसं पंखांसारखी बाहेर काढायची. मालिकेत जार्ल बोर्ग आणि नॉर्थम्ब्रियाचा राजा एला या दोघांना असं मारलं आहे. ज्यांनी बघितलं ते विसरणार नाहीत.

याचा सगळ्यात जुना आधार म्हणजे राजा क्नूटच्या स्तुतीसाठी अकराव्या शतकात रचलेल्या काव्यातल्या जेमतेम दोन ओळी. आशय असा की ईवारने एलाच्या पाठीवर गरुड कोरवला. पण या दरबारी कवींची भाषा आडवळणाची. शत्रूला मारलं असं म्हणायचं असेल तर ते ‘गरुडाला जेवू घातलं’ म्हणत. त्यामुळे त्याच शब्दांचा दुसरा अर्थ निघतो, गरुडाकडून एलाची पाठ फाडवली, म्हणजे त्याला रणात मारून प्रेत पक्ष्यांसाठी सोडलं. १९८४ मध्ये रॉबर्टा फ्रँक या अभ्यासक बाईंनी हेच मांडलं की पुढच्या सागालेखकांनी ओळीचा अर्थ शब्दशः घेतला आणि दर वेळी त्यात एकेक तपशील भरत गेले. सगळ्यांना ते पटलेलं नाही, वाद चालू आहे. पण अशी जखम असलेला एकही सांगाडा आजवर सापडलेला नाही, आणि जवळच्या काळातलं इतिवृत्त एवढंच सांगतं की एला ८६७ मध्ये यॉर्कच्या लढाईत पडला.

‘फौजेत निम्म्या बायका’

स्वीडनमधल्या बिर्का इथे १८७८ मध्ये एक थडगं उकरलं गेलं. तलवार, कुऱ्हाड, भाले, बाण, ढाली, दोन घोडे आणि पटावर खेळायच्या सोंगट्या असा सगळा सरंजाम. शंभरावर वर्षं सगळे त्याला सरदार समजत होते. २०१७ मध्ये डीएनए तपासला आणि हाडं बाईची निघाली. ही बातमी वाचली त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला होता, आजही होतो. पण एक थडगं म्हणजे निम्मी फौज नव्हे. ती बाई प्रत्यक्ष लढली का, की शस्त्रं तिच्या मानाची खूण होती, यावरच अभ्यासकांचं एकमत नाही. मालिकेतली रॅग्नरची लढवय्यी बायको लागर्था तर फक्त साक्सोच्या ग्रंथात भेटते.

मला वाटतं, ढाल घेतलेल्या बाईच्या नादात आपण दुसरी बाई विसरतो. नॉर्वेतल्या ओसेबर्ग इथे १९०४ मध्ये साडेएकवीस मीटर लांबीचं कोरीव जहाज जमिनीतून निघालं, ८३४ साली पुरलेलं. त्यात सन्मानाने ठेवलेल्या दोघी स्त्रिया होत्या. त्या जहाजाच्या फळ्या कौलं चढवतात तशा एकीवर दुसरी चढवून लोखंडी रिवेटने जोडलेल्या आहेत, आणि अशी जहाजं चालत ती लोकरीच्या शिडावर. ती लोकर महिनोन् महिने चात्यांवर कातली आणि मागावर विणली बायकांनी. त्यांच्या हातांवाचून एकही जहाज किनारा सोडून गेलं नसतं.

‘शुद्ध रक्ताचे लढवय्ये, लढाई आणि लूट एवढंच’

‘वायकिंग’ हे जातीचं नाव नाही. समुद्रावर धाडीला जाणं याला तो शब्द होता. शेतकरी पेरणी उरकून जाई आणि कापणीला परत येई. २०२० मध्ये ४४२ प्राचीन सांगाड्यांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दक्षिण युरोपातून आणि आशियाकडून आलेला वारसा त्यात स्पष्ट दिसतो. स्कॉटलंडच्या उत्तरेच्या ऑर्कनी बेटांवर वायकिंग पद्धतीने, तलवारीसह पुरलेले दोन पुरुष तर वंशाने तिथलेच स्थानिक निघाले. शुद्ध रक्ताची गोष्ट गेल्या शतकात युरोपात कुणी कुणी वापरली हे आठवलं तर ती इतक्या सहज पुढे पाठवू नये.

लूट होती, नाकारण्यात अर्थ नाही. उलट मालिका ती सौम्य करते. त्या धाडींमधला सगळ्यात किमती माल म्हणजे माणसं. ८४१ मध्ये वसलेलं डब्लिन पुढे गुलामांच्या बाजारासाठी नावाजलं. पडद्यावर गुलाम म्हणून आपल्याला मुख्यतः ॲथेलस्टन दिसतो, आणि तो लवकरच राजाचा मित्र होतो. बाकीच्या हजारोंना मित्र मिळाला नाही.

आणि त्याच जहाजांतून व्यापार. स्वीडनच्या गोटलंड बेटावर १९९९ मध्ये स्पिलिंग्स नावाच्या शेतात ६७ किलो चांदी सापडली, त्यात १४,००० च्या वर नाणी, बहुतेक अरबी दिरहम. इस्तंबूलच्या हागिया सोफियात संगमरवरी कठड्यावर कुणा हाल्फदानने रून या वायकिंगांच्या लिपीत आपलं नाव कोरून ठेवलं आहे, बहुधा तो तिथल्या सम्राटाच्या पदरचा शिपाई असावा.

स्वीडनमध्ये मेलारेन तलावात हेल्ग्यो नावाचं छोटं बेट आहे. १९५० च्या दशकात तिथल्या जुन्या वस्तीच्या मातीतून कांस्याची एक बुद्धमूर्ती निघाली. उंची साधारण साडेआठ सेंटिमीटर, कमळावर बसलेली, सहाव्या शतकाच्या सुमारास स्वात खोऱ्याच्या परिसरात घडवलेली. आज ती स्टॉकहोमच्या संग्रहालयात आहे. सापडली तेव्हा तिच्या गळ्याभोवती आणि हाताभोवती चामड्याची बारीक वादी होती.